मागच्या सीटचा बेल्ट

दादा,

तुझ्या दहाव्याला गोदावरीच्या घाटावर तुझं एक जुनं गिऱ्हाईक आलं होतं. पांढरा शर्ट, हातात गाडीची चावी. सगळे उन्हात ताटकळत उभे होते, तेव्हा तो शेजारच्याला हळूच म्हणाला, "जगाला बेल्ट लावा म्हणून सांगत फिरला, अन् आपलाच न्हाई लावला बघा."

शेजारच्यानं मान हलवली. "हाव ना. काय म्हणावं आता."

मी दोन पायऱ्या वर होते, वहिनी माझ्या बाजूला. दोघींनीही ऐकलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी नदीकडं बघत राहिले.

एका वाक्याचं काम होतं. खाली उतरून त्या माणसाला सांगायचं की तसं नाही झालं हो, माझ्यामुळं झालं. मी लातूरच्या कॉलेजात वीस वर्षं मराठी शिकवते, चारशे पोरांसमोर माझा आवाज कधी चिरकला नाही. त्या दिवशी फुटलाच नाही. आणि त्याच्यानंतर रोज थोडा थोडा उशीर होत गेला.

आपण दोघं सख्खे भाऊबहीण असून किती वेगळे होतो. देवणीजवळच्या आपल्या खेड्यातून तू दहावी झाल्या झाल्या निघालास, लातूरला एका गॅरेजमध्ये वायरी ओढायला शिकलास आणि पुढं नांदेडला स्वतःचं दुकान टाकलंस. मी शिकत राहिले, कारण तू शिकू दिलंस. तुझं दुकान गाडीच्या सामानाचं: बॅटऱ्या, हॉर्न, दिवे, गाण्याची मशीन, मागं बघायचे कॅमेरे. दुकानात कधीही आलं तरी तू कुणाच्या तरी गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणा, पाय बाहेर. मी तुझ्या पायांशी बोलायचे. आतून आवाज यायचा, "बस सुमे, आलो. हे कुणी तरी वायर कापून जोडून ठेवलंय, बघ ना. जनावर हाय का माणूस?"

कापलेली वायर बघितली की तुला खरंच दुखायचं. कंपनीची वायर कापायची नाही, तिच्यासाठी तयार जोड मिळतो तो वापरायचा, नाहीतर फ्यूजच्या डब्यातून वेगळी लाइन घ्यायची. कुणी जास्त उजेडाचे बल्ब मागितले की तू पहिल्यांदा विचारायचास, "रिले टाकू देताल का? न्हाई तर मी बसवत न्हाई. वायर तापती, वितळती, मग गाडी पेटल्यावर माझं नाव घेताल." बीप वाजू नये म्हणून बेल्टच्या लॉकमध्ये घालायची ती नुसती क्लिप मिळते, ती तू दुकानात कधी ठेवली नाहीस. एक जण त्यावरून किती चिडला होता! "समोरच्या दुकानात मिळती, तुमच्याकडं न्हाई म्हणजे काय?" तू म्हणालास, "मग समोरच जावा. माझ्याकडं ती मिळायची न्हाई." आणि पुन्हा डॅशबोर्डखाली शिरलास.

लोकांनी देवाची मूर्ती नेमकी एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली असायची. तिथं तुझा आवाज बदलायचा. "देव राहू द्या, काका. फक्त हातभर इकडं सरकवू. फुगा उघडला तर देवच डोक्यात यायचा." काका हसायचे आणि सरकवू द्यायचे.

मग ते ग्रुपचं सुरू झालं. तुझ्या गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, दर रविवारी एक सूचना. तुला लिहायचा कंटाळा. तू दुकान उघडायच्या आधी मला बोलून पाठवायचास, मागं चहाच्या गाड्यावरचा स्टोव्ह भरभरत असायचा, आणि मी ते नीट उतरवून काढायचे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी आली की गरम पाणी ओता, पुसून कोरडं करा, वर थोडं व्हॅसलीन लावा. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, आपल्याकडच्या पाण्यात क्षार, आत दगड धरतो. हवा सकाळी गाडी थंड असताना तपासा, आणि डिक्कीतल्या पाचव्या चाकाला विसरू नका. डॅशकॅम लावलाय आणि गाडी आठ दिवस उभी राहणार असली तर त्याची पिन काढून ठेवा. सोयाबीनची रास घरात पडली की उंदीर वायरी खातात, बोनेट उघडून बघत जा.

आपली भांडणं त्यावरूनच. मी पहिल्या सूचनेत 'विद्युतघट' लिहिलं, तर तू दुपारी फोन करून हसून हसून बेजार. "बॅटरीला बॅटरी म्हण की बाई. माझं गिऱ्हाईक विद्युतघट कुठं शोधंल?" मी म्हणाले, भाषा बिघडते. तू म्हणालास, "भाषा बिघडली तर तू हाईस. गाडी बिघडली तर कोण हाय?" या सगळ्याचं पुढं एक छोटं पुस्तक करायचं तुझ्या मनात होतं. त्याची भाषा तुझी ठेवायची की माझी, यावर आपण दोन वर्षं वाद घातला. त्या वादाचा निकाल लागायचा राहिला. आता लावायचा म्हटलं तर समोर कुणी नाही.

आणि हेही लिहिते, दादा, कारण ते मीच टाइप केलं होतं. स्वतःच्या बोटांनी. "मागच्या सीटवर बसलेल्यानंही बेल्ट लावायचा. धक्का बसला की मागचा माणूस पुढच्यावर येऊन आदळतो. नवीन सीट कव्हर घालताना बेल्टची लॉकं कव्हरच्या वर काढून घ्या. दुकानदार घाईत ती खाली दाबून टाकतात." तुझं वाक्य 'दाबून टाकतेत' असं होतं, मी ते सुधारलं. ग्रुपवर टाकलं. पन्नास अंगठे आले.

त्याच्या पुढच्याच महिन्यात मी माझ्या गाडीला कव्हरं घातली. तुला न विचारता, लातूरमध्येच, क्रीम रंगाची. कॉलेजातल्या एका मैत्रिणीच्या गाडीत बघितली होती, मला हवीहवीशी वाटली. नांदेडला आले तेव्हा तू गाडीभोवती एक चक्कर मारलीस आणि काही बोलला नाहीस. तुझं न बोलणं मला लगेच कळायचं. मग मागचं दार उघडून सीटच्या फटीत हात घातलास.

"लॉकं कुठं हायत?"

"असतील खाली."

"काढून देऊ?"

"राहू दे रे. मागं कोण बसतं माझ्या?"

खरंच कुणी बसत नव्हतं. मी एकटीच कॉलेजला जायचे, एकटीच यायचे. माझ्या घरी दुसरं कुणी नाही, हे तुला माहीत होतं, म्हणून तू पुढं बोलला नाहीस. माझ्या एकटेपणाला धक्का लागू नये म्हणून तू तो विषय सोडलास, असं मला आता वाटतं. आधी वाटलं होतं की रुसलास.

मायच्या डोळ्याचं निघालं. मोतीबिंदू. तू म्हणालास, "नांदेडात डॉक्टर कमी हायत का? इथंच करू." मीच हट्ट धरला. लातूरचे डॉक्टर ओळखीचे, ऑपरेशननंतर माय महिनाभर माझ्याकडं राहील, मी तिचं करीन. मला घरात कुणीतरी हवं होतं, दादा. तेही आता सांगते. माय म्हणाली, "माझा परभ्या संगं आला तरच जाते." मग तू दुकान बंद ठेवलंस. मी आदल्या दिवशी गाडी घेऊन नांदेडला आले.

सकाळी आठला निघालो. डॉक्टरांनी अकराची वेळ दिली होती आणि आपल्याला आधीच उशीर झाला होता, कारण मायला चष्मा सापडत नव्हता. माय गुडघ्यांमुळं पुढं बसली. तिचा बेल्ट तूच लावलास. पदर बाजूला घेतलास, पट्टा मानेला घासू नये म्हणून दाराजवळच्या खांबावरचा खटका खाली सरकवलास, दोनदा ओढून बघितलास. "आवळलं का, माय?" "न्हाई रं." मग मागं बसलास. "गाडी तुझी, तू चालव. मी इंजिन ऐकत बसतो."

बेल्ट खांद्यावरून ओढून घेतलास. सर्रकन आवाज आला, तो मी ऐकला. मग फटीत हात घालून चाचपलास.

"सुमे, थांब जरा. हे कव्हरचं इलास्टिक खालून सोडतो, लॉक वर काढतो. दोन मिनिटं."

आणि मी म्हणाले, "दादा, अकराची वेळ हाय. चल आता. लातूरला पोचल्यावर काढ."

तू नेहमी माझं ऐकत नव्हतास. विद्युतघट ऐकला नाहीस, पुस्तकाच्या भाषेचं ऐकलं नाहीस, चहात साखर कमी कर म्हटलेलं ऐकलं नाहीस. एवढं ऐकलंस. बेल्ट सोडून दिलास, तो परत आत गेला. "बरं," म्हणालास. "चल."

तासभर किती चांगला गेला. लोहा मागं पडलं. तू मायला गावाकडच्या कुणाची तरी नक्कल करून दाखवत होतास, माय हसत होती आणि मी आरशात तुला बघत होते. मधेच म्हणालास, "एसीची जाळी साफ कर, सुमे, धुळीचा वास येऊन राहिला." अहमदपूर गेलं. मी वेगात नव्हते. हे मी पोलिसांना सांगितलं, सगळ्यांना सांगितलं, तुलाही सांगते.

शेताच्या वाटेवरून एक ट्रॅक्टर रस्त्यावर चढला. ट्रॉलीसकट, आडवा. मी ब्रेक दाबला. मार्केट यार्डाच्या रिकाम्या मैदानावर मला गाडी शिकवताना तू म्हणायचास, ब्रेक दाबायला लाजायचं नाही. मी लाजले नाही. पूर्ण दाबला, गाडी डावीकडं वळवली. ट्रॅक्टर चुकला. ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा कठडा चुकला नाही.

पुढचे दोन्ही फुगे उघडले. गाडीभर पांढरी धूळ. माझ्या कानात शिट्टी वाजत होती. माय विव्हळत होती, म्हणजे जिवंत होती. आणि तू आमच्या दोघींच्या मधे होतास. जिथं असायला नको होतास तिथं. तुझं डोकं माझ्या कोपराशी होतं.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. तुझा आवाज मात्र आठवतो. अगदी दुकानातल्यासारखा, कामातला.

"गाडी बंद कर. चावी काढ, सुमे."

माझा हात हलत नव्हता.

"उजव्या हाताखाली. फिरव. काढ."

मी काढली.

"आता मायला उतरव आधी."

तेवढंच. शेतातली माणसं पळत आली, त्यांनी मायला काढलं, मला काढलं, तुला काढलं. एका जीपमध्ये घातलं. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तुला सारखं सांगत होते, पोचलो, पोचलो. आपण कुठंही पोचलो नव्हतो. दवाखान्याच्या दारात त्यांनी स्ट्रेचर आणलं आणि तुझ्याकडं बघून पावलं हळू केली. ते हळू होणं मी बघितलं.

मायचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. माझ्या खांद्यापासून कमरेपर्यंत बेल्टचा निळा पट्टा उठला होता. पुढं तो पिवळा झाला, मग गेला. तो जाऊ नये असं मला वाटत होतं. आंघोळ करताना मी त्याच्यावर हात ठेवायचे. तो गेल्यावर माझ्या अंगावर त्या दिवसाचं काहीच उरलं नाही.

पोलिसांनी पंचनामा वाचून दाखवला. "मागील सीटवर बसलेल्या इसमाने सीट बेल्ट लावलेला नव्हता." हवालदारानं विचारलं, "बरोबर आहे ना, मॅडम?" दादा, वाक्य बरोबर होतं. व्याकरणानं, हकिकतीनंही. कर्ता तू होतास. मी त्या वाक्यात कुठंच नव्हते. मी सही केली.

त्या सहीनंतर सगळं सोपं होत गेलं, ते फार वाईट. मी नांदेडला तुझ्याच घरी राहिले होते, लोक भेटायला यायचे. "एवढा जाणता माणूस, बेल्ट कसा लावला न्हाई?" मी चहा द्यायचे. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली, त्यातच एकानं लिहिलं, 'सांगणं वेगळं, वागणं वेगळं.' मी वाचलं, फोन उलटा ठेवला. माय खाटेवरून येईल त्याला सांगायची, "माझ्या डोळ्यापायी गेलं लेकरू. आंधळी झाले असते तर काय बिघडलं असतं?" मी तिलाही म्हणू दिलं. तुझं नाव खराब होत होतं, माय स्वतःला खात होती आणि मी मधे उभी राहून पाहुण्यांच्या चपला सरळ करत होते.

एकदाही स्वप्नात तू रागावलेला दिसला नाहीस. दिसला असतास तर बरं झालं असतं.

काल दुपारी सांगितलं. पाहुणे गेले होते. वहिनी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या, माय भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी दारात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कव्हरं, लॉकं, दोन मिनिटं, अकराची वेळ. सांगताना मला कळलं की मी वर्गात धडा सांगतात तशी सांगते आहे, क्रमानं, न रडता. माझी मलाच किळस आली.

वहिनींनी गॅस बंद केला. लाटणं पोळपाटावर आडवं ठेवलं.

"म्हणजे ते लावणार होते."

"हो. लावणारच होते. काढला होता ओढून. मी थांबू दिलं नाही."

हाताचं पीठ पदराला पुसलं. मग माझ्याकडं वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"बेल्टचं मी काही म्हणत न्हाई, सुमनताई. घाई कुणाला होत न्हाई? माझ्याकडूनबी झालं असतं. पण घाटावर तो माणूस बोलला, तवा तुम्ही माझ्या बाजूलाच उभ्या होता. त्याच्या आधीबी, त्याच्यानंतरबी. मी रोज त्यांच्या फोटोला विचारत होते, का न्हाई लावला म्हणून. भांडत होते त्यांच्याशी. मेलेल्या माणसाशी. अन् तुम्ही पलीकडच्या खोलीत होता."

मी दाराची चौकट धरली.

मागून मायचा आवाज आला. तिनं तोंड वळवलं नव्हतं. "मला ठावं हाय. मी तिथंच होते की. म्याबी म्हणले न्हाई, थांब गं दोन मिनिटं." मी तिच्या पायाशी जाऊन बसले. तिनं पाय जवळ ओढून घेतले. दुखत होते म्हणून की माझ्यापासून, कळलं नाही.

निघताना वहिनी म्हणाल्या, "माय इथंच राहील आता. डोळा इथंच करू." मग म्हणाल्या, "तुम्ही काही दिवस येऊ नका."

"किती दिवस?"

"ते मला सांगता येत न्हाई."

आज सकाळी मी ग्रुपवर लिहिलं. तुझ्या नावानं नाही, माझ्या. जसं झालं तसं. दुरुस्त करायला बसले नाही. तुझी भाषा, माझी चूक. शेवटी लिहिलं: आत्ता उठा, गाडीशी जा, मागच्या सीटच्या फटीत हात घाला. तिन्ही लॉकं हाताला लागली पाहिजेत. नाही लागली तर कव्हर खालून सोडवा आणि वर काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुपारपर्यंत सहा-सात जणांनी फोटो पाठवले. एकानं लिहिलं, 'मुलं मागेच बसतात. आज बघितलं, दोन लॉकं गाडलेलीच होती.' तुला हे ऐकून बरं वाटलं असतं. तू दिवसभर दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला तो फोटो दाखवला असतास. मी तो बघितला आणि मला फक्त एवढंच वाटलं, की त्यांना वेळ मिळाला.

दादा, तू मला काय दिलंस ते सांगायला मी कधी वेळ काढला नाही. माझं शिक्षण तुझ्या हातावरच्या ऑइलच्या काळ्या रेषांतून आलं. चाळिशीला आलेल्या बहिणीला गाडी शिकवणारा भाऊ मी दुसरा बघितलेला नाही. आता म्हणते तर ते माझ्याच कानाला खोटं लागतं, इतक्या उशिरा.

तुझी माफी मी मागत नाही. तू लगेच दिली असतीस, डॅशबोर्डखालून डोकंही न काढता, "जाऊ दे गं सुमे" म्हणून. तुझ्याकडून ती फार स्वस्त पडते. ज्यांच्याकडं मागायची आहे त्या दोघी नांदेडला आहेत, आणि त्यांनी मला अजून बोलावलेलं नाही. मी लातूरला घरात बसून वाट बघते आहे. बोलावतील की नाही, मला माहीत नाही.

तुझी,
सुमी